उद्यांची हवा

मालवण तालुक्यांतील मसुऱ्यासारख्या गांवांतून चाकरमानी मुंबईस गेले, तेव्हां तेथील धूर गिरण्यांच्या चिमण्यांतून निघतांना डोळ्यांस दिसे. त्यास आवर घालण्यासाठीं १९१२ सालीं कायदाही झाला. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या. तरी हवा शुद्ध झाली नाहीं. वाहनें, कारखाने व बांधकामें यांतून निघणारे, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे सूक्ष्म कण आतां नकळत फुप्फुसांत उतरतात.

त्यांचें भाकीत करतां येतें काय? येतें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची 'सफर' ही व्यवस्था २०१५ सालीं मुंबईंत सुरू झाली. कणांचें मोजमाप, त्यांचीं उगमस्थानें आणि वाऱ्याची दिशा व वेग यांचा मेळ घालून पुढील एक ते तीन दिवसांचा अंदाज बांधतात. हिवाळ्यांत समुद्रावरचा वारा मंदावला व जमिनीलगतच्या गार हवेवर ऊबदार हवेचें झांकण बसलें, कीं मळ खालींच कोंडतो.

मालवणचा दर्यावर्दी वारा पाहून होडी लोटतो. नगरवासीयांनींही अंदाज पाहून वृद्धांस, मुलांस व दमेकऱ्यांस जपावें. परंतु होडी किनाऱ्यास बांधल्यानें वादळ टळत नाहीं. अंदाज वाईट येतांच बांधकामाची धूळ व कचऱ्याची जाळपोळ त्याच दिवशीं थांबली, तरच त्या अंदाजाचें सार्थक.