कवटी सांगते कोण शिकारी, कोण शिकार

जालना जिल्ह्यासारख्या माळरानांच्या मुलखात काळविटं चरतात आणि त्यांच्या मागावर लांडगे असतात. हा पाठलाग दोघांच्या कवटीतही दिसतो.

लांडग्याचे डोळे समोर रोखलेले असतात. दोन्ही डोळ्यांनी एकच दृश्य पाहिल्यामुळे त्याला अंतराचा नेमका अंदाज येतो. काळविटाचे डोळे कडेला असतात, त्यामुळे मान न वळवताही त्याला मागची हालचाल टिपता येते.

लांडग्याला ४२ दात असतात. सुळे भक्ष्य धरून ठेवतात. गालाकडचे धारदार दात कातरीच्या पात्यांसारखे एकमेकांवर घासून मांस कापतात. जबड्याचे दणकट स्नायू कवटीच्या माथ्यावरच्या उभ्या कंगोऱ्याला जोडलेले असतात. चाव्याची ताकद तिथून येते.

आपली शेळी काळविटाच्याच कुळातली. तिचा वरचा ओठ उचलून पाहा. पुढे दात नाहीत, नुसती टणक हिरडी. खालचे ८ दात तिच्यावर पाला दाबून तोडतात आणि मागच्या दाढा तो आडव्या फिरत दळतात.

लांडगा आणि काळवीट या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. जखमी वन्यप्राणी दिसला तर हात लावू नका, वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.