वाटीचा कोन



खुब्याचा सांधा म्हणजे एक वाटी,
आणि तिच्यात फिरणारा गोळा.
सांधा फार झिजला, की दोन्ही बदलतात.
इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी 1962च्या सुमारास या शस्त्रक्रियेचा पाया घातला.

खरी मेख आहे वाटीच्या कोनात.
कोन चुकला, तर गोळा निसटू शकतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण बहुतेकदा कुशीवर असतो.
अंगावर चादरी.
आत कमरेचं हाड किती कललंय,
हे अनुभवी नजरेलाही नेमकं कळत नाही.

इथं संगणकाचं दिशादर्शन, म्हणजे नेव्हिगेशन, मदतीला येतं.
हाडात बारीक पिना बसवतात.
त्यांवर चकाकते मणी असतात.
कॅमेरा ते मणी टिपतो,
आणि वाटीचा कोन पडद्यावर दिसतो.
पायाची लांबीही मोजता येते.

पण एक लक्षात घ्या,
यंत्र कोन दाखवतं.
वाटी बसवतो सर्जनचा हात.

वेळ मात्र थोडा जास्त लागतो.
वाटी अधिक अचूक बसते, हे खरं.
पण म्हणून सांधा जास्त वर्षं टिकतोच,
असं अजून सिद्ध झालेलं नाही.
जाहिरात ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

आणि हो,
नंतर मांडी घालून बसता येईल का,
हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.