गोमाशी
(केंद्रातील शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



म्हैस भर दुपारी डबक्यात नाकापर्यंत का बुडून बसते, हे गुरांमागे रानात जाणाऱ्या मुलांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. म्हणून गोमाशीचा पाठ पुस्तकापासून नव्हे, त्यांच्यापासून सुरू करावा, असे मी सुचवितो.

प्रथम नावाचा घोळ. कुत्र्यांच्या व गुरांच्या केसांत चिकटून राहणारी, खेकड्यासारखी तिरपी पळणारी चपटी माशी, हिलाही पुष्कळ गावांत गोमाशीच म्हणतात. मी सांगतो ती दणकट बांध्याची, मोठ्या चकाकत्या डोळ्यांची, टॅबॅनिडी कुळातील माशी होय. तिला कोठे कोठे घोडमाशी म्हणतात.

फार वर्षांपूर्वी मी फळ्यावर लिहिले होते, ‘गोमाशी रक्त पिते.’ दुसऱ्या दिवशी एका गुराख्याच्या मुलाने काडेपेटीतून एक गोमाशी आणली. “गुरुजी, ही तर फुलातले पीत होती!” मुलाचे खरे होते, तो नर होता. नर फुलांतील मधुरसावर जगतो. मादीही मधुरस घेते, परंतु अंडी पक्व होण्यास बहुतेक जातींच्या मादीला रक्त लागते. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांस भिडलेले असतात. मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते. साधे भिंग असले की हा भेद मुलांना स्पष्ट दिसतो.

पाण्यावर वा चिखलावर झुकलेल्या पानांवर मादी शेकडो अंड्यांचा एकच पुंजका घालते. अंडी आधी पांढरी, मग काळपट होतात. सुमारे आठवड्याने अळ्या निघून खाली पडतात. दोन्ही टोकांस निमुळती अशी ही अळी चिखलात गांडुळे व किडे खाऊन कित्येक महिने वाढते. थंड देशांत वर्षाहूनही अधिक. तिला बोटांनी धरू देऊ नये, ती चावते. पुढे थोड्या कोरड्या मातीत कोष होतो व एक ते तीन आठवड्यांत माशी बाहेर पडते.

डास सुई टोचतो. गोमाशी पात्यांनी कातडी कापते व साचलेले रक्त चाटते. वेदनेने जनावर तिला झटकते, आणि ती अर्ध्या पोटी, रक्ताळ तोंडाने शेजारच्या जनावरावर बसते. ‘सरा’ रोग पसरतो तो असा. त्याचा एकपेशीय परोपजीवी १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांना डेरा इस्माईलखान येथे घोड्या-उंटांच्या रक्तात आढळला. तो या माश्यांमार्फत पसरतो, हे १९०१ साली लिओनार्ड रॉजर्स यांनी दाखविले. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, तसा हा माशीत वाढत नाही. ओल्या रक्ताबरोबर नुसता वाहून नेला जातो, आणि रक्त सुकताच मरतो. जवळ बांधलेल्या जनावरांस धोका अधिक, तो यामुळेच.

मनुष्यास हा रोग सहसा होत नाही. तथापि २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्यास तो झाला. या परोपजीवीस मारणारे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते. उपचारांनी तो बरा झाला.

“आमची म्हैस तापते, उतरते, पुन्हा तापते”, “बैल गोल गोल फिरतो”, असे एखादा विद्यार्थी सहज बोलून जातो. ते ऐकताच पाठ थांबवून त्याच्या वडिलांस निरोप धाडावा : जनावर इतरांपासून दूर बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्त तपासून घ्या.