वर्गातली झेरॉक्स आणि कायदा

(पिंपरी पेंढार इथे शिक्षक आणि अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



मी शाळेत शिकवतो. तुमच्यातले बरेच जण रविवारी मुलांना फुकट शिकवतात. पुस्तक एक, मुलं पंचवीस. मग कुणीतरी आळेफाट्याहून झेरॉक्स काढून आणतं आणि पुस्तकावरचं ‘सर्व हक्क राखीव’ वाचून दबकतं. त्या भीतीबद्दलच बोलतो.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कशाला हक्कभंग म्हणायचं नाही, याची यादी त्याच्या ५२ व्या कलमात आहे. शिकवताना-शिकताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत त्या यादीत आहे. प्रश्नपत्रिकेतला उताराही आहे. गंमत म्हणजे या पोटकलमात ‘शाळा’ हा शब्दच नाही. त्यामुळे समाजमंदिरात नाहीतर मदरशाच्या खोलीत गणित शिकवणाऱ्या ताईलाही ते लागू व्हावं, असं माझं मत आहे.

याची कोर्टात कसोटी लागली आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं दुकान होतं. अभ्यासक्रमातली निवडक प्रकरणं एकत्र बांधून तिथे मुलांना मिळायची. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थी गप्प बसले नाहीत; संघटना करून तेही कोर्टात उभे राहिले. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, पण तत्त्व कायम ठेवलं: पानं मोजू नका, शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं घेतलं का, ते पाहा. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

पण या निकालाचा अर्थ ‘सगळं फुकट’ असा लावू नका. वर्गासाठी दोन प्रकरणं काढणं वेगळं. अख्खी गाईड स्कॅन करून पाचशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं वेगळं. यूट्यूबवर धडा टाकला की प्रेक्षक तुमचा वर्ग राहत नाही. तिथे खाली ‘फेअर यूज’ लिहून संरक्षण मिळत नाही. तो अमेरिकेच्या कायद्यातला शब्द; आपल्याकडे ५२ व्या कलमाची यादी चालते.

आता आपल्या माणसांची उदाहरणं घेऊ. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ शतकांपूर्वीचा, त्याची मूळ संहिता कुणीही छापावी. आजच्या संपादकाच्या प्रस्तावनेवर आणि टिपांवर मात्र हक्क असतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. शाहीर अमर शेख १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या काव्यावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत. हमीद दलवाई १९७७ मध्ये गेले. त्यांच्या लेखनाचं २०३७ अखेरपर्यंत. तोवर वर्गात जरूर वाचा, शिकवा. पुस्तिका छापून विकायची असेल तर परवानगी घ्या.

आणि नाव कापू नका. फॉरवर्ड करताना लेखकाचं नाव गाळायची आपल्याला वाईट खोड आहे. उद्या तुम्ही रात्र जागून केलेली सरावपत्रिका दुसऱ्याच क्लासच्या शिक्क्यानिशी फिरेल, तेव्हा कळेल. तिचा हक्क तुमचाच, नोंदणी केली नसली तरी.

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. निदान त्यांच्या झेरॉक्सवर पैसे घालवण्याआधी तिथे बघा. बाकी, कुणी वर्गात वाटलेल्या प्रती सोबत आणल्या असतील तर इथे टेबलावर ठेवा. एकेक घेऊन बोलू.