म्हातारपणी माणसाच्या हातात काय उरते?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आज आम्हाला वृद्धाश्रमातल्या माणसांविषयी बोलायला सांगितले आहे. आम्ही डॉक्टर नाही की प्रोफेसर नाही. गिरणीत उभं राहून जे कळलं आणि पाळी सुटल्यावर जे वाचलं, त्याच्या जोरावर चार गोष्टी मांडतो.

वृद्धाश्रम म्हटला की आपण काय विचारतो? जेवण बरं आहे का, पंखा आहे का, गोळ्या वेळेवर देतात का? हे प्रश्न योग्यच आहेत. पण पोट भरलं, औषध मिळालं, म्हणजे माणूस सुखी झाला का? याचे उत्तर शोधणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला.

तिकडे नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे बाळंतपणाचे हॉस्पिटल नव्हे. म्हातारी, आजारी माणसे जिथे कायमची राहतात ते ठिकाण. कनेक्टिकट राज्यातल्या आर्डेन हाउस या नर्सिंग होममध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बायांनी हा प्रयोग केला. तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. ६५ ते ९० वयाची ९१ माणसे त्यात होती. एका मजल्यावरच्यांना सांगितलं, तुमची खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या रात्री बघायचा ते तुम्ही ठरवा. प्रत्येकाला एक छोटं झाड घेऊ दिलं. त्याला पाणी घालायचं काम त्याचं त्याने करायचं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही झाड दिलं, सिनेमा दाखवला. पण झाडाला पाणी नर्स घालणार आणि सिनेमाची रात्रही दुसरेच ठरवणार.

इमारत तीच, सोयी त्याच. फरक फक्त ठरवायचं कोणी, एवढाच! तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावर शेकडा ९३ जणांत सुधारणा दिसली, दुसऱ्यावर शेकडा २१ जणांत. अठरा महिन्यांनी मोजलं, तेव्हा पहिल्या गटातले ४७ पैकी ७ वारले होते, दुसऱ्यातले ४४ पैकी १३. मात्र मृत्यूच्या या आकड्यांचा हिशेब त्या बायांनी स्वतःच पुढे दुरुस्त केला. तो पुरावा आधी वाटला तेवढा पक्का नाही. तेव्हा झाडाने आयुष्य वाढतं, असं कोणी सांगत सुटू नये. पण ती माणसे जास्त हुशारीत राहिली, चार माणसांत मिसळू लागली, हे खरं.

बांधवहो, कामगाराला हे समजावून सांगायची गरज नाही. जन्मभर भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो. निदान घरी आल्यावर चहा कधी प्यायचा ते आपल्या हातात होतं. आश्रमात गेल्यावर तेही जातं. अंघोळ घंटेवर, जेवण घंटेवर, दिवा घंटेवर. ज्या बाईने सहा माणसांचा संसार ओढला, तिला कोणी साधी भाजीही निवडू देत नाही. 'आजी, तुम्ही बसा' म्हणतात. मायेनेच म्हणतात हो! पण बसून बसून माणूस आतून विझतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ही आपल्या तरुण मुलांनी नीट ऐकावी. रिचर्ड शुल्झ या संशोधकाने, तेही १९७६ सालीच, कॉलेजची मुले वृद्धाश्रमात भेटीला पाठवली. मुलं कधी येणार हे ज्यांना आधी माहीत होतं, किंवा ज्यांनी स्वतः ठरवलं, ते वृद्ध टवटवीत झाले. मनाला येईल तेव्हा मुलं टपकायची, त्यांचं तसं झालं नाही. पण पुढे प्रयोग संपला, भेटी थांबल्या. मग ज्यांना फायदा झाला होता तेच जास्त खचले! म्हणजे आशा लावायची आणि पाठ फिरवायची, यासारखा घात नाही.

म्हणून आमचं म्हणणं आहे, जयंतीला केळी वाटून फोटो काढला, एवढ्यावर काम संपत नाही. विहाराच्या मुलांनी महिन्यातला एक रविवार पक्का करावा आणि तो पाळावा. पाळता येणार नसेल तर वचनच देऊ नये. गेल्यावर उपदेश करू नये; विचारावं, 'बाबा, आज काय करूया?' पेपर वाचायचा की पत्ते खेळायचे, ते त्यांना ठरवू द्यावं.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० जणांची सोय असणारा वृद्धाश्रम सांगितला आहे. त्याची मागणी संघटितपणे केलीच पाहिजे. पण कायद्याने खाट मिळेल. त्या खाटेवरच्या माणसाला कोणी विचारलं पाहिजे ना!

आणि आश्रम लांब राहिला, आपल्या खोलीतच कोपऱ्यात एक खाट असते. तिथे दिवा कधी बंद करायचा, रेडिओवर काय लावायचं, हे आजच रात्री आईला विचारा. पैसा लागत नाही. पोरांना सांगा, तुळशीला पाणी घालायचं ते काम आजीचं आहे, तिच्या हातून तांब्या काढून घेऊ नका.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जय भीम!