आधी वायर, मग बल्ब

पांढरकवडा रोडवर रात्री कापसाची बंडी चालली असते, तिला मागे लाइट नसतो. आपली जुनी स्पोर्ट्स कार, गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म असो की दुसरी, उजेड पिवळट. मग पोरं थेट १०० वॅटचे बल्ब टाकतात. थांबा राजेहो! त्यानं जुने होल्डर वितळतात.

मी म्हणतो, आधी बल्बपाशी व्होल्टेज मोजा. ते १० टक्के पडलं की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. बॅटरीवरून फ्यूज, रिले लावून जाड वायर ओढा, अर्थिंग घासा. एच-४ असेल तर तोच ५५/६० वॅटचा बल्ब लख्ख पेटतो.

साध्या रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी नको. समोरच्याचे डोळे दिपतात, आणि त्याच्या पुढची बंडी त्याला दिसतच नाही. शेवटी भिंतीवर फोकस सेट करा. भेटू पुढच्या भागात!