परवा म्हणजे कोणता दिवस?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या मराठीत 'परवा' नावाचा एक मजेशीर शब्द आहे. कालच्या आधीचा दिवसही परवा आणि उद्याच्या नंतरचा दिवसही परवाच. आमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या दखनीत तर याहून कमाल आहे. तिथं होऊन गेलेला दिवस 'कल' आणि उजाडायचा असलेला दिवसही 'कल'. तरी या शब्दांपायी आजवर कुणाचा बाजार बुडाला नाही की कुणाचं लग्न चुकलं नाही. 'परवा आलो' आणि 'परवा येईन' ही दोन वाक्यं ऐकणारा कधी गोंधळत नाही, कारण काळाचा हिशेब क्रियापदानं सांभाळलेला असतो.

आज मला बोलायचं आहे ते इंग्रजी क्रियापदांबद्दल. मराठी कवीनं इंग्रजीच्या काळांवर कशाला बोलावं, असं कुणी विचारील. पण कविता लिहिणाऱ्याचं निम्मं आयुष्य क्रियापदं निवडण्यात जातं. 'तो येतो', 'तो येई', 'तो येत असे', 'तो आला होता' यांतलं अंतर ज्याला जाणवत नाही, त्यानं कविता लिहू नये. आणि हे अंतर आपल्या शेतात काम करणाऱ्या निरक्षर माणसालाही जाणवतं, हे आपण विसरतो.

माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली. २००० सालापासून ती महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. पण बीड, केज, धारूर, आष्टी, पाटोद्याकडच्या कुठल्याही शाळेत जा, फळ्यावर बारा घरांचा तो तक्ता भेटतोच. वर्तमान, भूत, भविष्य. आणि प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण, चालू-पूर्ण असे चार प्रकार. मुलं तो पाढ्यासारखा म्हणतात आणि परीक्षेत गाळलेल्या जागाही भरतात. मात्र दोन वाक्यं स्वतःची बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. पाढा पाठ आहे पण दुकानातला हिशेब जमत नाही, तशातली ही गत. माझ्या मते याचं कारण असं, की मुलाच्या डोक्यात मराठीचं एक घड्याळ आधीच चालू असतं आणि फळ्यावरच्या तक्त्याची त्या घड्याळाशी कुणी गाठच घालून देत नाही.

ते घड्याळ किती श्रीमंत आहे पाहा. जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात, जातं. करणारा पुरुष की बाई, एक की अनेक, समोरचा की दूरचा, हे सगळं मराठी मूल शाळेत पाऊल टाकण्याआधी बिनचूक सांगतं. इंग्रजीत मात्र साध्या वर्तमानकाळात सगळ्यांना 'गो' आणि फक्त तो, ती, ते यांच्यासाठी 'गोज'. एवढी रूपं खेळवणाऱ्या पोराला त्या एका 'स'चं ओझं का व्हावं? कारण आपण त्याला सांगतो, 'नियम पाठ कर.' त्याऐवजी सांगावं, 'बाळा, जातो-जाते तू जसं बदलतोस ना, तसंच इथंही बदलायचं. फक्त इंग्रजी जरा कंजूस आहे, ती एकाच ठिकाणी बदलते.'

आता दुसरी, गावोगाव ऐकू येणारी चूक: 'आय डिड नॉट वेंट'. आपण हसतो, पण ही चूक करणारं मूल मराठीच्या दृष्टीनं अगदी तर्कशुद्ध वागत असतं. 'मी गेलो' याचं आपण 'मी गेलो नाही' करतो. क्रियापद होतं तसंच ठेवतो आणि मागे 'नाही' जोडतो. मुलानंही 'वेंट' तसंच ठेवलं. इंग्रजीची रीत वेगळी. तिथं नकार द्यायचा किंवा प्रश्न विचारायचा तर 'डू' नावाचा मदतनीस बोलवावा लागतो आणि काळ सांगण्याचं काम तोच उचलतो. आमच्याकडच्या मुलांना हे उसाच्या मोळीवरून चटकन समजतं. मोळी एकच आहे. ती 'डिड'नं डोक्यावर घेतली की 'गो'नं मोकळ्या हातानं चालायचं. 'आय डिड नॉट गो', 'डिड यू गो?' आणि 'ही डज नॉट गो' यातही तोच हिशेब. तो मघाचा 'स' आता 'डज'नं उचललेला आहे.

तिसरी जागा जरा नाजूक आहे. 'मी त्याला काल बाजारात पाहिलंय,' असं आपण सहज म्हणतो. त्याचं मुलं 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' करतात. मराठीला यात काही वावगं वाटत नाही, इंग्रजीला वाटतं. कारण त्यांच्या 'हॅव'ची दोरी नेहमी आजच्या खुंटीला बांधलेली असते. कधी घडलं याला महत्त्व नाही, त्याचं फळ आज हातात आहे, असं सांगायचं असेल तिथं 'हॅव'. काल, परवा, २०१२ साली, असा दिवस किंवा साल उच्चारलं की दोरी सुटली. मग नुसतं 'आय सॉ हिम येस्टरडे'. उलट 'मी पाच वर्षांपासून बीडला राहतो' हे आपण साध्या वर्तमानकाळात सांगतो. इंग्रजीला तिथं ती दोरी हवीच असते: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन बीड फॉर फाइव्ह इयर्स'. मोजलेल्या मुदतीला 'फॉर' आणि सुरुवातीच्या खुणेला 'सिन्स'. पाच वर्षं असतील तर 'फॉर', दिवाळीपासून असेल तर 'सिन्स'.

चौथी गोष्ट 'इंग'ची. 'मला कळतंय', 'मला आठवतंय', 'मला वाटतंय' असं आपण बोलतो, म्हणून 'आय एम अंडरस्टँडिंग', 'आय एम रिमेंबरिंग' तोंडात येतं. इंग्रजी मात्र कळणं, आठवणं, माहीत असणं याला चालू काम धरत नाही, मनाची स्थिती धरते. मुंबईचे इंग्रजी कवी निसीम इझिकेल यांनी या 'इंग'च्या सवयीवरच 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही गाजलेली कविता रचली. इझिकेल बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादातही त्यांचा हात होता. त्यांची ती कविता वाचताना हसू येतं खरं, पण अशा बोलण्यामागे आपल्याच भाषेची चाल आहे, हेही ध्यानात येतं.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्याचं इंगित मला इथंच दिसतं. मराठी वाक्य समोर ठेवायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं, ही ती रीत. मूल माहितीतल्या घरातून निघून अनोळखी घरात जात होतं. आज भाषांतराला जुनाट ठरवून आपण तो उंबरठाच काढून टाकला.

श्रोतेहो, हा नुसता गुणांचा प्रश्न असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या रुग्णालयात खेड्यातला म्हातारा येतो आणि सांगतो, 'रक्त पातळ व्हायची गोळी घेत होतो.' घेत होता, घेतो आहे की आज सकाळीच घेतली? ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला यातला फरक कळायलाच हवा. म्हाताऱ्याची मराठी चोख असते. तिचं इंग्रजी कागदावर उतरवणारी नर्स, आपल्याच तालुक्यातली मुलगी, तिथं क्रियापद चुकली तर लाल रेघेवर भागत नाही. मुलाखतीचंही तेच. 'आय वर्क्ड देअर' म्हणजे काम सुटलं. 'आय हॅव बीन वर्किंग देअर' म्हणजे अजून चालू आहे. हातात नोकरी असलेला उमेदवार एका क्रियापदापायी बेकार ठरू शकतो.

त्यात आमच्या जिल्ह्याचं दुखणं वेगळं. दिवाळीच्या आगेमागे इथून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, बरीच आईबापाबरोबर फडावर जातात. ती पाडव्याच्या सुमारास परततात तोवर फळ्यावरचा वर्तमानकाळ संपून भूतकाळही उरकलेला असतो. अशा मुलाच्या हाती बारा घरांचा तक्ता देऊन काय होणार? पण त्याच्याशी गप्पा मारा. 'काय करत होतास? किती फड तोडून झाले? उद्या काय करशील?' तो एका दमात सगळे काळ वापरून दाखवील. धडा तिथूनच सुरू करता येतो.

शिक्षकांना आणि आईबापांना माझी एवढीच विनंती आहे. इंग्रजी वाक्य करण्याआधी मुलाला मराठीत तीन गोष्टी विचारा: काम संपलं का चालू आहे? कधी झालं ते नेमकं सांगायचं आहे का? त्याचा आजशी संबंध आहे का? या तीन उत्तरांत त्या तक्त्यातली बरीचशी घरं आपोआप भरतात. चुकलं तर हसू नका. ही चूक मराठीच्या कुठल्या वाटेनं आली ते त्याला दाखवा. आणि दाराशी उभा पाहुणा निघताना 'बरंय, येतो' म्हणतो, किंवा आतून कुणी 'आलोच!' म्हणत जागचं हलत नाही, तेव्हा त्या क्रियापदांचं इंग्रजी काय होईल, हा खेळ घरात जरूर खेळा. जाणाऱ्याचं 'येतो' इंग्रजीत कसं न्यायचं, यावर तासभर वाद होईल. तो तास तक्त्यापेक्षा जास्त शिकवील.